उतरलेली बॅटरी

मामाजी,

परवा तुमची तेरवी झाली. पंगती उठल्या, पाहुणे गाड्या जुंपून आपापल्या गावी गेले, आणि शेजारच्या बाया मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "रडून घे वो एकडाव. आत ठेवू नोको." मी नुसती मान हलवली. त्यांना कसं सांगू, की आत रडू नव्हतंच. तीन महिने तुम्ही भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत होता. जरा आडवं झालं की श्वास कोंडायचा. त्या सकाळी तुम्हाला सरळ, पाय लांब करून निजलेलं पाहिलं आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'. उशाशी तुमचा मुलगा होता. तोंडात पाणी त्याच्याच हातचं गेलं. एवढंच तर मागत होतो आपण दोघं इतकी वर्षं.

सासरा गेल्यावर सुनेनं मोकळं वाटलं असं म्हणू नये. पण तुमच्यापाशी काय लपवायचं? खोटं आपण एकदाच बोललो, तेही दोघांनी मिळून. त्याचंच लिहायला बसले आहे.

मी या घरात आले तेव्हा माणसं दोनच. ह्यांची आई, आत्याबाई, मी पाहिल्याच नाहीत. हे आठ वर्षांचे असताना त्या गेल्या. हे दर्यापूर-अकोला मोटार चालवायचे आणि तुम्ही मळा पाहायचे. भवतालचा सगळा मुलूख खाऱ्या पाण्याचा, आपली विहीर तेवढी गोड. म्हणून वांगी, सांभाराच्या जुड्या, मेथी, झेंडू आपल्याकडे पिकायचं आणि दर्यापूरच्या बाजारात आपली गाडी पोचायच्या आधी गिऱ्हाईक उभं असायचं. लग्नाला दीड वर्ष झालं आणि हे लढाईवर गेले. मोटार हाकता येणारी माणसं सरकारला पाहिजे होती. तुम्ही जाऊ नको म्हणाला नाहीत, जा पण म्हणाला नाहीत. स्टेशनवरून परतताना गाडीत तुम्ही कासऱ्याकडे पाहत बोललात, "आता तूच माहा पोरगा अन् तूच सून."

मग तो रेडिओ आला. दर्यापूरच्या एका कापसाच्या जिनाच्या साहेबाकडे आपली भाजी आणि फुलं जायची. त्यालाही लढाईचं बोलावणं आलं, तेव्हा बंगला रिकामा करताना त्यानं तुम्हाला बोलावून ती पेटी देऊन टाकली. मुलगा लढाईवर आहे, बातमी कळत जाईल, म्हणाला. तुम्ही ती धोतरात गुंडाळून, वांग्यांच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये बसवून आणली होती. गाव जमा झालं. एकानं विचारलं, "विजेबिगर कसा बोलन तो?" तुम्ही दुसऱ्या टोपलीवरचं फडकं काढलं आणि बॅटऱ्या दाखवल्या.

दोन होत्या. एक विटेसारखी कोरडी. ती पुष्कळ दिवस चालायची, पण संपली की अकोल्याच्या जुन्या शहरात दुकानं पालथी घालावी लागायची. दुसरी तेजाबाची, जाड काचेच्या भांड्यातली, वर तारेची मूठ असलेली. तीच आपली खरी धनीण. दर दोन-तीन आठवड्यांनी तिला जिनात न्यायचं, तिथला मिस्त्री इंजिनावर ती भरून द्यायचा. त्या काचेत तीन रंगीत गोट्या होत्या. बॅटरी भरलेली असली की तिन्ही तरंगायच्या; उतरत गेली की एकेक बुडायची, आणि तांबडी बुडाली की समजायचं, आता हिच्यात काही राहिलं नाही. मिस्त्रीनं बजावलं होतं की हिला विहिरीचं पाणी चालत नाही. म्हणून तुम्ही पावसाचं पाणी धरायला अंगणात काचेची बरणी ठेवायचे. मी एकदा त्या बरणीतलं पाणी चुकून तुळशीला घातलं, तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात.

तेजाबानं माझ्या दोन लुगड्यांना भोकं पाडली. तुमच्या मांडीवर तर डाग पडला तो शेवटपर्यंत होता. आंघोळ घालताना तो दिसला की ह्यांना वाटायचं भाजलं असेल कधी.

सासऱ्यासमोर बसायची मला सवय नव्हती. पहिले काही दिवस मी आतल्या दाराआडूनच ऐकत होते. पण तुमचा डावा कान कामातून गेलेला, आणि काट्यामागची इंग्रजी अक्षरं तुम्हाला लागत नव्हती. मला तरी कुठं लागत होती, माझी शाळा मराठी चौथीपर्यंत. तरी तुम्ही हाक मारली, "इकडं ये वो. दाराआड बसून बटन फिरते काय?" मी आले. काट्याखाली कुंकवाचे ठिपके लावले, एक मुंबईचा, एक दिल्लीचा. त्या दिवसापासून पेटी माझ्या हाती आणि बॅटरी तुमच्या.

भांडण तिथूनच सुरू झालं. तुम्ही म्हणायचे, बॅटरी बातम्यांसाठी आहे. बातम्या संपल्या की तुमचा हात लगेच पुढे यायचा. मागून गाणं सुरू व्हायचं, पहिला आलाप कानावर पडायचा आणि तुम्ही बंद! मी म्हणाले, "मामाजी, एक गाणं झालं तर काय बिघडते?" तुम्ही म्हणालात, "गाण्यानं माह्या पोराची खबर येते काय?"

ह्यांची पत्रं मलायातून यायची. मग मलाया पडल्याची बातमी आपण याच पेटीवर ऐकली. पुढे पत्रं बंद झाली आणि एका दुपारी पोस्टमननं सरकारी कागद आणून दिला. मीच वाचला. 'बेपत्ता.' तुम्ही विचारलं, "म्हंजे?" मी म्हणाले, "म्हणजे कुठं आहेत ते माहीत नाही." तुम्ही म्हणालात, "ते तं आपल्यालेबी मालूम नव्हतं. त्यात कागद काहून धाडला?" आणि फावडं घेऊन पाणी द्यायला निघून गेलात. संध्याकाळी पाहिलं तर वांग्याच्या एकाच सरीत पाणी तुंबून राहिलं होतं.

वर्ष उलटलं आणि माझा भाऊ किसनदादा आला. अकोल्याला जुन्या शहरात त्याचं फुलांचं दुकान. माणूस वाईट नाही. माझ्यासाठी त्याचा जीव तुटत होता, हे तुम्हालाही दिसत होतं. ओसरीवर बसून तो तुम्हाला म्हणाला, "मामा, पोरगी वीस वर्साची हाय. आपल्यात पाट लावाची रीत हाय. किती दिवस तिले अशी ठेवता? एक जागा हाय ध्यानात, चांगला माणूस हाय." तुम्ही खाली पाहत होता. मग एवढंच म्हणालात, "पोळ्यालोक थांब." तो पोळ्यापर्यंत थांबायला कबूल झाला. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं असंही नाही.

त्याच सुमारास मिस्त्रीनं तुमच्या कानात सांगितलं की शत्रूच्या, जपानच्या, रेडिओ केंद्रावरून संध्याकाळी हिंदुस्थानीत कैद्यांची नावं वाचतात. मी काट्याखाली तिसरा ठिपका लावला. पोलिसांच्या भीतीनं त्या ठिपक्याबद्दल आपण बाहेर कुणाशी बोललो नाही. रोज दिवस मावळायच्या वेळेला पेटी लावायची, आठ-दहा नावं ऐकायची आणि बंद करायची. पंजाबातली नावं असायची, मद्रासकडची असायची. प्रत्येक नावाआधी तुमच्या उजव्या हाताची मूठ वळायची आणि नाव संपलं की सुटायची.

आणि आता ते सांगते, जे चार वर्षं माझ्या घशात अडकलेलं होतं. श्रावण होता. जिन पावसाळ्यात बंद, बॅटरी भरायची तर अकोल्याला न्यावी लागणार. नाल्याला पूर, वाटेत गुडघाभर गारा-चिखल, गाडीचं चाक निघत नव्हतं. बॅटरी जपायची होती ती नेमकी याच दिवसांत. आणि मी तुम्ही मळ्यात गेलात की दार लोटून दुपारी मुंबई लावत होते. एक बाई गात असे. आवाज बारीक करून मी पेटीला गाल लावून ऐकायची. एका गाण्याचं दुसरं व्हायचं. त्या घटकेत मला ना बेपत्ता आठवायचं, ना पाट, ना पोळा. सात-आठ दिवस मी हे केलं. गोट्यांकडे मुद्दाम पाहिलं नाही.

मग एका संध्याकाळी त्या केंद्रावरचा माणूस म्हणाला की उद्या मोटार कंपन्यांमधल्या कैद्यांची नावं वाचली जातील. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पहिल्यांदा भांड्यात नजर टाकली. तांबडी गोटी तळाला होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कोरडी बॅटरी उन्हात ठेवायला काढली, पण ऊन कुठं होतं? चुलीजवळ ठेवली. तेजाबाच्या बॅटरीचे तारा जोडायचे खांब राखेनं घासले. संध्याकाळी पेटी लावली. आवाज आला, पण दूर गेलेल्या माणसासारखा. पहिली तीन नावं कळली. चौथ्याला मी बटण पुरतं पिळलं. तुम्ही गुडघ्यावर येऊन उजवा कान पेटीच्या कापडाला लावलात. बाहेर पाऊस, आत तो आवाज खोल खोल चाललेला. मी हातभर अंतरावर उभी होते आणि मला फक्त पाऊस ऐकू येत होता. तुम्ही हात वर केलात. मग पेटी पूर्ण गप्प झाली.

तुम्ही पेटीवरचा कान सावकाश काढलात. मग वळलात आणि म्हणालात, "आलं. नाव आलं."

"कोणाचं?"

"महादेव सखाराम, दर्यापूर. असाच बोलला तो. कैदेत हाय, पन जिता हाय."

मी रडत होते ते आनंदानं असं तुम्हाला वाटलं असेल. मी रडत होते कारण ते नाव ऐकायचं माझ्या नशिबात होतं आणि मी ते गाण्यांवर उधळलं होतं. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, की माझे दोन्ही कान शाबूत असून मला ऐकू आलं नाही, ते तुम्हाला एका कानानं कसं आलं?

पोळ्याच्या आदल्या दिवशी दादा आला. तुम्ही त्याला उंबऱ्यातच सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुमचं वय झालं. कान कमी. चुकलं असन." मग माझ्याकडे वळला. "गोदे, तू होती ना तिथं? तू आयकलं काय?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. बैलाच्या शिंगाला लावायचा रंग कालवत राहिलात. तुमची काडी मात्र थांबली होती, ते मला दिसलं.

"हो दादा," मी म्हणाले. "मीबी आयकलं."

दादानं डोळे पुसले. पोळ्याला राहिला, पुरणपोळी खाऊन गेला आणि पुन्हा पाटाचं नाव काढलं नाही. गावातही बातमी पसरली. पोलीस पाटील विचारायला आला, "कोन्त्या रेडिओवर आलं?" तुम्ही म्हणालात, "सायबाच्या." तो बिचारा सरकारचं केंद्र समजून मान डोलवत गेला.

मी खोटं का बोलले? ह्यांच्यासाठी, तुमच्यासाठी, की त्या मळ्यासाठी, जिथं मला कुणी टाकून बोलत नव्हतं? पुष्कळदा विचार केला. त्या क्षणी एवढंच कळलं की मला जायचं नव्हतं.

पुढची दोन वर्षं आपण त्या एका नावावर काढली. बॅटरी पुन्हा भरून आली, आणि एक नवल झालं. बातम्या संपल्या तरी तुमचा हात पुढे येईना. गाणं सुरू व्हायचं आणि तुम्ही सुपारी कातरत बसायचे. मी चकित. विचारायची हिंमत झाली नाही. एकदा मात्र मी चिडून बोलून गेले. जेवायला तीनदा हाका मारल्या, तुम्ही ओ दिली नाहीत. मी म्हणाले, "त्या दिवशी बरं ऐकू आलं तुमाले!" तुम्ही ताटावर येऊन बसलात, निमूट जेवलात. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

लढाई संपली. दिवाळीनंतर कलकत्त्याच्या इस्पितळातून पत्र आलं. अक्षर ह्यांचं. तुम्ही मला ते पाच वेळा वाचायला लावलं आणि मग बाहेर जाऊन बैलांच्या गळ्यात पडलात. हे आले तेव्हा अंगावर मांस नव्हतं, एका पायानं ओढत चालत होते, पण आले. गावातला जो तो सांगायचा, "तुहं नाव रेडिओवर आलं होतं बाप्पा!" हे गोंधळायचे. एकदा जेवताना म्हणाले, "बाबा, आमच्या छावणीत रेडिओसाठी नावं घ्याले कोणी कधी आलंच नाही. तुमी आयकलं काय नेमकं?"

तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "तुह्या बायकोले इचार. तिनंबी आयकलं."

मी म्हणाले, "बॅटरी उतरली होती. दुसऱ्या कोणाचं असन."

आपण दोघांनी माना वर केल्या नाहीत. हे हसले आणि कढी मागितली.

मामाजी, तुमच्याशी माझं एक भांडण राहूनच गेलं. हे आले नसते तर? तुम्ही मला किती वर्षं त्या नावाला बांधून ठेवलं असतं? मी म्हातारी होईपर्यंत? मनात हा प्रश्न आला की तुमचा राग यायचा, खरा राग. आणि त्याच वेळी आठवायचं, की काडी थांबवून तुम्ही वाट पाहिली होती. मी नाही म्हटलं असतं, तर दादाबरोबर तुम्ही मला जाऊ दिलं असतं. मला कुणी विचारलं नव्हतं असं मी वर लिहिलं. ते बरोबर नाही. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दुपारी हे विहिरीवर होते. मी तुम्हाला चमच्यानं पेज भरवत होते. तुम्ही जाणार हे तुम्हालाही कळलं होतं आणि मलाही. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "मामाजी, त्या दिवशी बॅटरी माह्यामुळं उतरली होती. मी दुपारी गाणे ऐकत होती."

तुम्ही डोळे मिटले होते. मला वाटलं ऐकलं नाही. मग म्हणालात, "मले ठाऊक हाय."

"कसं?"

"मळ्यातून येऊन दाराशी आलो का आयकू यायचं. माहा एक कान चांगला हाय ना. मंग मी विहिरीवर बसून राहो, गानं सरेस्तोवर."

मी म्हणाले, "मंग रागावले काहून नाही? नाव आयकता आलं असतं."

तुम्ही डोळे उघडलेत. एकेक शब्दाला थांबत, श्वास घेत बोललात. "बॅटरी भरेल असती, तं पूरी यादी आयकू आली असती. तुलेबी अन् मलेबी. अन् त्याचं नाव त्यात नसतं. मंग म्या तुह्या भावाले काय सांगतलं असतं?"

चार वर्षं मी जी चूक उरावर घेऊन वावरत होते, तिच्याच आडोशाला तुम्ही आम्हा नवरा-बायकोला जपलं होतं.

"बरी उतरली वो," तुम्ही म्हणालात, आणि हसलात. मग मलाही हसू आलं. पेज सांडली, आणि आपण लहान पोरांसारखे हसत होतो. तेवढ्यात हे दारात आले. "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "काई नाई. पेज खारट हाय."

मी फडकं आणून तुमची हनुवटी पुसली. दुसऱ्या सकाळी तुम्ही गेलात. घशात अडकलेलं काही नव्हतं, ना तुमच्या, ना माझ्या.

फक्त ह्यांना अजून ठाऊक नाही. आपला बाप कमी ऐकू येणारा होता, एवढंच त्यांना ठाऊक आहे. तो किती खोटं बोलू शकत होता आणि कोणासाठी, हे त्यांना कळायला पाहिजे. आज संध्याकाळी हे मळ्यातून आले की हे कागद मी त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवणार आहे. वाचता वाचता ती पावसातली संध्याकाळ येईल आणि त्यांचं नाव मला मोठ्यानं घ्यावं लागेल. उखाण्याशिवाय ते मी आजवर कधी घेतलं नाही.

घेईन.

तुमची,
गोदा